डाग फिल्मचाच असू दे

स्टुडिओकाकूंच्या घरातल्या फ्रिजमध्ये दुधाच्या भांड्याला एका कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागे. बाकीची जागा फिल्मच्या खोक्यांनी अडवलेली असे आणि त्यांतल्या बहुतेक खोक्यांवरची तारीख कधीच उलटून गेलेली असे. सून घरात नवीन होती तेव्हा तिने एकदा भाजी ठेवायला म्हणून दोन खोकी बाहेर काढून खिडकीत ठेवली होती. काकू रागावल्या नाहीत. खोकी उचलून परत आत ठेवत त्या म्हणाल्या, “भाजी उद्या पुन्हा मिळेल गं, ही नाही मिळायची.” तेव्हापासून सुनेने त्या फ्रिजला ‘आईंचं माहेर’ असं नाव ठेवलं होतं.

रस्त्याच्या बाजूला दुकान, त्यामागे छताला दुधी काच बसवलेली खोली आणि जिन्याखाली, वाकूनच शिरावं लागेल अशी डार्करूम, एवढा काकूंचा पसारा. दुकानात सून डिजिटल कॅमेऱ्यावर पासपोर्टचे फोटो काढी, झेरॉक्स करी आणि गिऱ्हाइकांची कटकट हसतमुखाने ऐकून घेई. मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षाचा बराचसा काळ तो घरात फोनमधल्या आवाजाएवढाच असे. मागच्या खोलीत मात्र काकूंच्या सासऱ्यांनी घेतलेला लाकडी कॅमेरा अजून तीन पायांवर उभा होता. त्याला रीळ लागत नसे. तळहाताएवढी एकेक सुटी शीट अंधारात होल्डरमध्ये भरायची, होल्डर कॅमेऱ्यात सरकवायचा आणि एका शीटवर एकच फोटो काढायचा. ज्यांना असा फोटो हवा असे ती माणसं लांबून येत, आणि काकू त्यांना चांगलं तासभर बसवून ठेवत.

अडचण फिल्मची होती. ती बनवणारे एकामागून एक हात झटकून मोकळे झाले होते. मग जुन्या मालाचा एक व्यापारी काकूंच्या उपयोगी पडू लागला. बंद पडलेल्या छापखान्यांच्या कपाटांतून उरलेली खोकी तो उचलून आणी आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडे, “काकू, माल आणलाय, नाही म्हणू नका!”

“तारीख बघ त्याच्यावरची. तुझ्या जन्माआधीची असेल.”

“तारखेचं काय घेऊन बसलात? औषध आहे का ते, पोटात जायला?”

“तुझ्या नाही जात. माझ्या पोटात मात्र प्रत्येक वेळी गोळा येतो, त्याचं काय?”

गोळा येई हे खरं, पण काकूंनी जुन्या फिल्मचे स्वभाव ओळखून ठेवले होते. रंगीत फिल्म त्या मुदत उलटल्यावर कधीच घेत नसत. तिच्या अंगचे थर निरनिराळ्या चालीने म्हातारे होतात आणि चांगल्या माणसाचा चेहरा हिरवट नाहीतर जांभळट करून ठेवतात. कमी उजेडात चालणारी वेगवान काळी-पांढरी फिल्मही लवकर खचते. तिच्यावर धुकं चढतं. टिकते ती मंद फिल्म, आणि त्यातही छापखान्यातली, जिला तांबडा रंग दिसतच नाही ती. तिचा आणखी एक गुण होता. तांबडं दिसत नसल्यामुळे तांबड्या दिव्याखाली ती उघडी करता येई. किती जुनी, किती दमलेली, हे ठाऊक नसलेली शीट किती वेळ धुवायची याचा अंदाज बांधण्याऐवजी काकू ट्रेवर वाकून चित्र वर येताना बघत आणि मनाजोगतं झालं की उचलत. त्याची किंमत मात्र मोजावी लागे. फिल्मला जे दिसत नाही ते कागदावर काळं उमटतं. ओठ गडद येत. तांबूस कांतीचा माणूस उन्हात रापल्यासारखा दिसे. “आमच्याकडे लाजून फोटो काढू नये,” सून गिऱ्हाइकांना सांगे, “गाल काळे येतात.”

नवं खोकं आलं की त्यातली पहिली शीट सुनेवर खर्च करायची, हा काकूंचा नेम होता. दुधी काचेखालची तीच खुर्ची, तोच प्रहर, आणि सुनेच्या हातात पांढरी, राखी आणि तांबडी पट्टी चिकटवलेला एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावरून खोक्याची तब्येत कळे. सून खुर्चीत बसता बसता म्हणे, “चला, नव्या खोक्याचा पहिला बळी.” चाचणीची ती शीट वाया जाऊ नये म्हणून काकू तिचा एक कागद छापून मुलाला जहाजावर पाठवत.

एकदा एका खोक्याची अशीच चाचणी झाली. शीट धुऊन उजेडासमोर धरली तेव्हा सुनेच्या दोन्ही गालांवरून आणि नाकाच्या दांडीवरून गेलेला एक फिकट पट्टा निगेटिव्हवर दिसला. निगेटिव्हवर फिकट म्हणजे छापल्यावर काळसर. काकूंनी समोर बसलेल्या सुनेकडे पाहिलं. तिचा सावळा चेहरा नेहमीसारखाच होता.

“दमट माल गळ्यात मारला मेल्याने,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तेच केलं जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. निगेटिव्हवर वार्निशचा हात फिरवला, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं आणि तो पट्टा बारीक बारीक ठिपक्यांनी भरून काढला. छापलेल्या कागदावर चेहरा लख्ख आला. सून तो हातात घेऊन म्हणाली, “सासूने सुनेला गोरं केलं, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.”

पुढच्या खोक्यात तो पट्टा पुन्हा होता. त्याच्या पुढच्यातही. व्यापाऱ्याचा माल एकाच ओल्या कपाटातला असणार, हे काकूंनी स्वतःच ठरवून टाकलं आणि व्यापाऱ्याला विचारण्याचीही तसदी घेतली नाही. जुन्या फिल्मबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला डाग दिसला की आधी फिल्मवरच संशय येतो. आणि दरवेळी पेन्सिल हाताशी होतीच.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो शिंपीणबाईंनी. पलीकडच्या गल्लीतल्या या बाई फोटोच्या बाबतीत फार चिकित्सक. आपल्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती वाढून आली तर त्या भांडायला येत. त्यांचा फोटो त्याच खोक्यातल्या शीटवर, त्याच काचेखाली काढला होता. शीट चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून बाहेर आली आणि काकू भिंग घेऊन वरून खाली, डावीकडून उजवीकडे बघत राहिल्या. कुठेही पट्टा नव्हता. शिंपीणबाईंचे गाल स्वच्छ होते.

तसं असायला कारणं असू शकतात, असं काकूंनी मनाला समजावलं. ओल खोक्याच्या तोंडाशी लागली असेल, आतल्या शीट वाचल्या असतील. पण त्या दिवसापासून त्या सुनेकडे चोरून बघू लागल्या. बघितलं की दिसतं, हीच पंचाईत. सकाळी बरणीचं झाकण उघडायला सून ते पदराने धरत होती, आणि तरी उघडत नव्हतं म्हणून बरणी सहज विसरल्यासारखी ओट्यावर ठेवून देत होती. तिच्या कंगव्यात केस जास्त होते. संध्याकाळी ती दुकानातल्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसे आणि काकूंची चाहूल लागली की झेरॉक्स मशीनशी काहीतरी करू लागे. यांतलं एकेक वेगळं काढलं तर कशालाच अर्थ नव्हता. कोण दमत नाही? केस कुणाचे गळत नाहीत? तरी काकूंच्या मनात काहीतरी खुपत राहिलं आणि ते कुणाला सांगण्याइतकं स्पष्टही होईना.

शेवटी त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. मुदत न उलटलेली, करकरीत नव्या फिल्मची पाकिटं मागवली. ही काळी-पांढरीच, पण दुसऱ्या जातीची होती, सगळे रंग पाहणारी. हिच्यासाठी तांबडा दिवासुद्धा विझवावा लागतो.

“बस जरा खुर्चीत.”

“नवं खोकं कधी आलं?”

“नवं नाही, ताजं आलंय. तारखेच्या आतलं.”

“अगोबाई! माझ्यावर ताजी फिल्म? आई, तब्येत बरी आहे ना तुमची?”

“माझी बरी आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी होल्डर कॅमेऱ्यात सरकवला.

ठार काळोखात ट्रे हलवताना त्यांना स्वतःच्या श्वासाचा आवाज नको वाटत होता. दिवा लावला तेव्हा हातातली निगेटिव्ह एकसारखी गडद होती. गाल स्वच्छ, नाक स्वच्छ. काकू तिथेच स्टुलावर बसल्या आणि एकट्याच हसल्या. मग बाहेर येऊन त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याला यथेच्छ झापलं.

“तुझा सगळा माल ओला! माझा जीव खाल्लास!”

“मग परत पाठवा की, काकू.”

“परत कशाला? राहू दे,” काकू म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना तो ओला माल फार प्रिय झाला होता. संध्याकाळी त्यांनी सुनेला उठू न देता स्वयंपाक केला, आणि सून संशयाने विचारत राहिली की आज नक्की काय मागायचं आहे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही छापलेले कागद दोरीवर शेजारी शेजारी वाळत होते. एक जुन्या फिल्मचा, पेन्सिल न लावता मुद्दाम छापलेला, आणि एक ताज्या फिल्मचा. काकू ते उतरवायला गेल्या आणि त्यांची नजर चेहऱ्याऐवजी हातातल्या पुठ्ठ्यावर गेली. जुन्या फिल्मवर तांबडी पट्टी कोळशासारखी काळी होती. ताज्या फिल्मवर तीच पट्टी मऊ राखी होती, शेजारच्या राखी पट्टीहून वेगळी ओळखूही येत नव्हती.

काकूंनी दोन्ही कागद उतरवून उजेडात शेजारी शेजारी धरले. ताज्या फिल्मने निर्वाळा दिलाच नव्हता. तिला तांबडं आणि राखी सारखंच दिसत होतं. गालांवर तांबूस काही असलं तरी ते तिने आजूबाजूच्या कांतीत मिसळून टाकलं असतं, जसं सावळ्या चेहऱ्यावर माणसाचा डोळा मिसळून टाकतो. हे गिऱ्हाइकांना त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. काल मात्र जी फिल्म हवं ते उत्तर देईल तीच त्यांनी निवडली होती.

मग त्यांनी भीतीला बाजूला बसवून नीट चाचणी आखली. खोलीतला तांबूस पडदा काढला, न जाणो त्याचीच झाक पडत असेल. सुनेला तोंड साबणाने धुवायला लावलं. त्याच जुन्या खोक्यातल्या, एकीखाली एक असलेल्या दोन शीट घेतल्या. पहिली होल्डरमध्ये उलटी भरली, डोक्याकडची बाजू पायाकडे करून. डाग फिल्मचा असला तर तो गालांवरून उतरून पुठ्ठ्यावर यायला हवा होता. ती सुनेवर खर्च केली. दुसऱ्या शीटसाठी त्या स्वतः खुर्चीत बसल्या आणि कॅमेऱ्याचं शटर उघडणारा रबरी फुगा दाबायला सुनेच्या हातात दिला.

“आता तुम्हीपण बळी?” सून म्हणाली. तिने फुगा बोटांनी दाबला नाही. दोन्ही तळहातांमध्ये धरून दाबला. काकूंनी ते पाहिलं.

तांबड्या दिव्याखाली दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवले होते. काकू दोन्ही हातांनी ते हलवत होत्या. आधी दोन्हीकडे पांढरे कपडे काळे होऊन वर आले, मग कपाळं, मग हनुवट्या. त्यांचा स्वतःचा चेहरा सगळीकडून सारखा भरत गेला, म्हातारा पण अखंड. शेजारच्या ट्रेमध्ये चेहरा भरत होता आणि मध्ये जागा सुटत होती. पुठ्ठ्यावर कसलाही डाग नव्हता. नाकाच्या दांडीवर एक फिकट पूल, आणि दोन्ही बाजूंना पंख उघडल्यासारखे गाल. काकू थांबल्या. अजून थोडं, अजून थोडं, भरेल, असं म्हणत त्या ट्रे हलवत राहिल्या. बाकीची शीट काळी पडायला लागली तरी ती जागा भरली नाही.

बाहेर आल्या तेव्हा सून दुकानाचं दार लोटून उभी होती. काकूंनी निगेटिव्ह तिच्या हातात दिली.

“ही फिल्म चांगली आहे,” त्या म्हणाल्या.

सुनेने ती काचेसमोर धरली. या घरात राहून निगेटिव्ह वाचायला ती शिकली होती. तिचा दुसरा हात आपल्या गालाकडे गेला.

“उन्हात गेलं की तिथे चुरचुरतं,” मग ती म्हणाली. “मला वाटलं, मशीनची झळ लागते.”

“आणि हात?”

“सकाळी बोटं उघडत नाहीत. गरम पाण्यात धरते. तुम्ही उठायच्या आत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की ते खरं होतं, आई.” तिने निगेटिव्ह खाली घेतली. “तुम्हाला कधीपासून दिसतंय?”

काकूंनी कपाटातून चाचणीच्या जुन्या निगेटिव्ह काढल्या, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेतला, आणि उजेडाच्या पेटीशी बसल्या. पहिल्या निगेटिव्हवरून कापूस फिरवला तशी त्यांचीच पेन्सिल राखाडी पाण्यासारखी सुटून आली, आणि तिच्याखालचा पट्टा उघडा पडला. सून शेजारी येऊन बसली. दोघी मागे मागे जात राहिल्या. प्रत्येक ठिकाणी काकूंनी मन लावून भरलेले ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली ती जागा होती; आधीच्या निगेटिव्हमध्ये जरा लहान, तिच्याआधीच्या निगेटिव्हमध्ये आणखी अरुंद. काकू कापूस असा दाबत होत्या की सुनेने त्यांचं मनगट धरलं.

“हळू. फिल्म खरवडेल.”

“खरवडू दे.”

“नको. डॉक्टरांना दाखवायला लागेल.” आणि मग, हसण्याचा प्रयत्न करत, “त्यांच्यासमोर तरी मला गोरी नका करू.”

डॉक्टरबाईंनी निगेटिव्ह खिडकीशी धरून शांतपणे पाहिल्या. “यावरून मी निदान करणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण कधी सुरू झालं आणि कसं पसरलं हे कळतंय, ते मला हवंच होतं.” त्यांनी सुनेची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, रक्त आणि लघवी तपासायला सांगितली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस काकूंनी कसेबसे ढकलले. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्या दचकत. मुलाचा फोन आला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सून म्हणाली, “सगळं ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला परत फोन करून खरं सांगितलं. केबिनच्या भिंतीवर तिचे सगळे फोटो लावलेत, असं तो म्हणाला, त्यांत तर काहीच दिसत नाही. काकू ते ऐकून उठून आत गेल्या.

रिपोर्टमध्ये ल्युपस होता. डॉक्टरबाईंनी तो सोप्या शब्दांत समजावला: शरीराची राखण करणारी फौजच घरच्यांवर उलटते; कधी कातडीवर, कधी सांध्यांवर, कधी मूत्रपिंडांवर. मूत्रपिंडं अजून बरी होती. अजून, या शब्दावर काकू अडकल्या. गोळ्या रोज घ्यायच्या, त्या सोडायच्या नाहीत, तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि ऊन टाळायचं.

“काचेतून येणारं?” काकूंनी विचारलं. “ती आमच्याकडे दुधी काचेखाली बसते. मीच बसवते.”

“तेही टाळा.”

“म्हणजे हे मी—”

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आजार तुमच्या खुर्चीने दिलेला नाही. पण खुर्ची हलवा.”

खुर्ची भिंतीकडे गेली. वर ट्यूबलाइट लागला. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर डॉक्टरबाईंनी गालांचा पुन्हा फोटो मागितला. गोळ्यांना यश येतंय की नाही, आणि पट्टा थांबलाय की सरकतोय, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. काकू फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. एका हातात ताज्या फिल्मचं पाकीट होतं, दुसरा हात जुन्या खोक्यावर.

“ताज्या फिल्मवर काढू का गं?” त्या मागे न बघता म्हणाल्या. “छान येशील.”

सून मागे येऊन उभी राहिली. तिने काकूंच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि दुधाच्या शेजारी ठेवून दिलं.

“जिच्यावर दिसतं तिच्यावर काढा,” ती म्हणाली.

काकूंनी जुन्या खोक्यातली शीट भरली आणि फुगा एकदाच दाबला. मग होल्डर छातीशी धरून त्या जिन्याखाली वाकून आत शिरल्या. दार लावलं, तांबडा दिवा लावला, आधीच्या निगेटिव्ह भिंतीवर ओळीने टोचून ठेवल्या आणि शीट डेव्हलपरमध्ये सोडली. काही वेळ काहीच झालं नाही. मग कपडे आले, कपाळ आलं. हनुवटीच्या कडा वर येऊ लागल्या आणि मधली जागा अजून कोरीच होती; ती भरणार होती की तशीच राहणार होती हे इतक्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

बाहेरून दारावर बोटांची हलकी टकटक झाली.

“आई, काय दिसतंय?”

काकूंनी ट्रेवर आणखी खाली वाकून पाहिलं.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “अजून येतंय.”